आत्याची पाठ

बारशाला जमलेल्या बायकांचे हात शिवशिवत होते. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे होते. पाळण्याशी वाकलेल्या सुनेत्रानं आधीच अंग चोरलं होतं. गलका, अत्तराचा वास, झगमगते दिवे. तिला लहानपणापासून सगळंच जरा जास्त टोचायचं.

तेवढ्यात बाळानं टाहो फोडला. दूध पाजलं, खुळखुळा वाजवला, तरी रडं थांबेना.

“आत्यावर गेलीय पोर,” कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

बाळाची आई, सुनेत्राची वहिनी, मात्र हसली नाही. “ताई, तुम्हाला असं झालं की तुम्ही काय करता?”

सुनेत्रा गोंधळली. आजवर सगळ्यांनी ‘सवय कर’ एवढंच सांगितलं होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं. काय बरं करायची ती? आठवेना. तिनं बाळाला उचलून मागच्या खोलीत नेलं, दिवा मालवला, दार लोटलं. बरोबर करतेय की चूक, तेही कळेना. पण हळूहळू बाळाचे हुंदके थांबले आणि तिची धडधडही.

तिथंच तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. वहिनीनं मागून येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

“घातलेस का गं धपाटे?” बाहेरून बायकांनी विचारलं.

“घातले की,” वहिनी म्हणाली. हात तिनं तसाच ठेवला.