मंदाकिनीचं फूल

धुकं इतकं दाट होतं की कातळसड्यावर पुढे गेलेले दामोदरपंत मंदाकिनीबाईंना दिसत नव्हते, नुसता खोकला ऐकू येत होता. वनस्पतिशास्त्राच्या या प्राध्यापकांनी उभी हयात कंदीलपुष्पांत घालवली होती. त्या फुलाच्या पाकळ्यांची टोकं वर जुळलेली असतात. टोकं सुटलेलं फूल सापडलं, तेव्हा त्यांनी ती वेगळी जात ठरवून तिला बायकोचं नाव दिलं होतं.

बाई दमून खाली बसल्या. समोरच्या वेलीवर दोन फुलं झुलत होती, एकाची टोकं जुळलेली, दुसऱ्याची सुटी. दोन वेली गुंतल्या असतील म्हणून त्यांनी बोटांनी मुळापर्यंत चाचपून पाहिलं. वेल एकच होती. म्हणजे जातही एकच, आणि आपलं नाव पुसलं जाणार, हे त्यांना लगेच कळलं. गप्प राहिलं, तर या धुक्यात कुणाला कळणार होतं?

“अहो,” त्यांनी हाक मारली, “जरा इकडे या.”

दामोदरपंत आले, वाकले आणि त्यांनीही वेल मुळापर्यंत चाचपली. “तुझं नाव जाईल गं,” ते म्हणाले.

“जाऊ दे. तुम्ही हाक मारता, तेवढं पुरे. बसा.”

ते बाईंच्या शेजारी ओल्या कातळावर टेकले. एरवी फूल दिसताच त्यांचा हात खिशातल्या भिंगाकडे जायचा. आज त्या हातात त्यांनी बायकोचा हात घेतला, आणि दोघं ती फुलं नुसती पाहत राहिली.