बिनगंजाची मूठ

टेबलावर सव्वीस कोयते होते. अकरांच्या मुठीला सायकलची ट्यूब, नऊंच्या सुतळी, पाचांच्या जुन्या लुगड्याची चिंधी. एकाच मुठीला मेणातून ओढलेली सुती दोरी होती. वेढ्याला वेढा असा लागलेला, की मध्ये नख शिरू नये. तो कोयता ज्ञानेश्वरीचा. स्टेजमागच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचे सात फोटो होते. सातव्यात त्याने स्वतः कोयता धरला होता, धार आपल्याच पोटाकडे करून.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत पाथर्डीकडे गावोगाव आहे. यंदा पुढाऱ्याने पूजेचीच स्पर्धा केली. मूठ कशी बांधली ते बघायचं, मग दोरी सोडून आतलं लोखंड कसं राखलं ते बघायचं. पहिलं बक्षीस घरगुती पिठाची गिरणी. परीक्षक ऊसतोडीची टोळी नेणारे मच्छिंद्र मुकादम, कारण कोयत्यातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं? त्यांनी शेवटचा ऊस तोडला, त्याला बावीस वर्षं झाली होती.

ज्ञानेश्वरीला ती गिरणी हवीच होती. घरबसल्या दळणं मिळाली, तर ह्या हंगामात तिला आणि चौथीतल्या सुकन्याला गावात राहता आलं असतं. नवरा, अमृत, एकटा जायला तयार होता. अडत होतं ते मुकादमापाशी. टोळीत माणसं जोडीने धरतात; नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो. टोळी उद्या, दसऱ्याला ठरणार होती. हातात गिरणी असती तर 'मी येत नाही' म्हणायला तिच्याकडे कारण तरी असतं.

सहा हंगाम हाच कोयता तिच्या हातात होता. मुठीत घाम मुरतो, आत गंज धरतो, दोरी ढिली पडते आणि तळहाताला फोड येतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून ती दरवर्षी दोरी सोडायची, लोखंड घासून लख्ख करायची, मेण आणि गोडेतेल कढवून त्याचा हात द्यायची आणि मगच नवी दोरी आवळायची.

मुकादम एकेक मूठ सोडू लागले. ट्यूबखाली गंज. सुतळीखाली गंज. चिंधीखाली गंज आणि एक मेलेलं झुरळ. मुकादमाचा मेहुणा गोरक्षनाथ, त्याच्या मुठीची तर ट्यूब लोखंडाचा पापुद्रा घेऊनच निघाली. तो कोयता आठ महिने गोठ्यात मातीत ठोकलेला होता, शेळी बांधायची खुंटी म्हणून. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेळीलाही.

मग ज्ञानेश्वरीची दोरी सुटली. आतलं लोखंड नव्या ताटासारखं चकाकलं.

"लई भारी!" मागच्या बायकांतून गोजरबाई ओरडली. "द्या तिला गिरनी!"

मुकादमांनी कोयत्याकडे पाहिलं, गिरणीकडे पाहिलं, खाली उभ्या अमृतकडे पाहिलं. गिरणी ह्या घरात गेली की टोळीत काय घटतं, तो हिशेब त्यांना तोंडी येत होता. त्यांनी माईक ओढला.

"मंडळी, गंज कशानं येतो? घामानं. आता ही मूठ बगा. गंज न्हाई, म्हंजे घाम न्हाई. घाम न्हाई, म्हंजे ह्यो कोयता उसाच्या फडात गेलेलाच न्हाई. ही शोची वस्तू हाय. आन् ह्या गोरक्षनाथाची मूठ बगा, घामानं खाल्लेली! पयलं बक्षीस गोरक्षनाथ!"

पुढाऱ्याने टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. गोरक्षनाथ गिरणीला हार घालायला निघाला.  ज्ञानेश्वरीने तळहात पदराला पुसले आणि ती स्टेजच्या पायरीवर चढली.

"आबा, म्हंजे मी ऊसतोड कामगार न्हाई?"

"ह्या मुठीवरनं तरी दिसत न्हाईस, बाई."

"माईकवर सांगा की. मागं आयकू गेलं न्हाई."

मुकादमांना टाळ्या गोड लागल्या होत्या. त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि घोळवून सांगितलं, "ज्ञानेश्वरी अमृत ही ऊसतोड कामगार न्हाई! तिला फडाचं वारंबी लागल्यालं न्हाई!"

"बरं झालं तुमीच बोलला," ज्ञानेश्वरी म्हणाली. माईक अजून चालूच होता. "मग उद्या टोळीत ह्यांचं एकट्याचं नाव धरा. जी कामगारच न्हाई, तिला फडावर कशाला न्यायची?"

मंडप गप्प झाला. अमृत खाली मान घालून हसू दाबत होता.

"आगं, तसं न्हवं..." मुकादम चाचरले. "ते स्पर्धेपुरतं हुतं."

"आबा, दोनदा बोललाय," गोजरबाई म्हणाली. "मला खोकला आल्ता, तरी मला आयकू आलं."

पुढाऱ्याला यातलं काही उमगलं नव्हतं, पण गप्प मंडप त्याला कधीच सोसत नसे. त्याने मुकादमांच्या हातातून माईक घेतला आणि गरजला, "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील!"

ह्या खेपेला टाळ्या आधी बायकांनी वाजवल्या. मग त्या टेबलापाशी आल्या, आपापला गंजका कोयता उचलून घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गावातलं हार्डवेअरचं एकुलतं दुकान सकाळी साडेआठला उघडलं. सव्वानऊपर्यंत, टोळी ठरायच्या आतच, लोखंड घासायचे पॉलिश पेपर संपले. एकूण एकोणचाळीस कागद खपले.