बंद दाराची चाचणी

“अहो उस्ताद, आता आत जा आणि दार लावून घ्या.” शिडीवर उभ्या असलेल्या बायकोने जोडणीच्या डब्यात एकदा डोकावून झाकण बंद केलं. “मी मशीन सुरू करते आणि बाहेरून ऐकते. ते ‘हॅलो हॅलो, वन टू थ्री’ नको हं. सलग बोला. मनातलं बोला.”

उस्ताद आत गेला. हे नाव तिनेच ठेवलेलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे विचारायची हिंमत त्याला लग्न झाल्यापासून झाली नव्हती. गाडीवर त्याने स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, आणि पुढे ‘आणि कंपनी’. कंपनी म्हणजे बायको. शिडीवर ती चढायची, वायर ती ओढायची, जोडणी तीच करायची. उस्ताद शिडी धरायचा आणि गिऱ्हाइकाला माहिती द्यायचा. माहिती मात्र झकास द्यायचा.

आजचं काम या ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीचं होतं. आतलं बोलणं बाहेर कळू नये, म्हणून पॅसेजच्या छतात स्पीकर बसवायचे आणि त्यांतून पंख्यासारखा एकसुरी सूंऽऽ आवाज सोडायचा. खोलीच्या छतात मीटिंगचे स्पीकर आधीपासून होतेच. दोन्हीकडच्या वायरी एकाच डब्यात येत होत्या. आणि नेमकी आजच उस्तादला खुमखुमी आली. “आज जोडणी मी करणार,” त्याने छाती काढून सांगितलं, आणि केलीही.

त्याला कारण होतं. इथल्या मॅनेजरबाईंनी सकाळीच बायकोला कायमची नोकरी देऊ केली होती, सगळ्या इमारतीचं वायरिंग बघायला. उत्तर आजच हवं होतं. “काय करू?” बायकोने त्याला विचारलं होतं. आणि या शहाण्याने उत्तर दिलं, “घे की. माझं काय अडतंय?” आणि मग बायकोवाचून आपलं खरंच अडत नाही, हे स्वतःलाच पटवायला त्याने पेचकस हातात घेतला होता.

खोलीत सूंऽऽ असा आवाज भरून राहिला. वा, काय सुरेख चालतंय! उस्ताद स्वतःवरच खूश झाला. इथे आपलं आपल्याला धड ऐकू येत नाही, मग बाहेर कुणाला काय कळणार? तो घसा ताणून बोलू लागला.

“माझं काय अडतंय म्हणे! सगळंच अडतंय. अगं, तू गेलीस तर मी करू काय? लाल वायर कुठली, काळी कुठली, एवढं मला कळतं. त्यापुढे सगळा आनंदच आहे. लोकांना सांगतो, बायको मदतीला असते. मदतीला मी असतो! गाडीवर तुझं नाव हवं, तिथे माझं रंगवून मिरवतोय. जाऊ नकोस गं. पण हे तुझ्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. नवरा आहे ना मी, गाढव कुठला!”

त्याला हलकं वाटलं. डोळे पुसून, चेहरा कामाचा करून त्याने दार उघडलं.

पॅसेज चिडीचूप होता. छतातून कसलाही आवाज येत नव्हता. मॅनेजरबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. बायको भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

उस्तादच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाज सोडायचा होता बाहेर, आणि या पठ्ठ्याने तो जोडला होता आत.

“म्हणजे तुमचं उत्तर ‘नाही’ असं समजू?” मॅनेजरबाईंनी बायकोला विचारलं.

“नाहीच समजा,” बायको म्हणाली. “आमच्या गाडीवरचं नाव बदलायचंय. ऐकलंत ना तुम्हीपण?”

उस्ताद मान खाली घालून शिडी धरायला गेला. मग त्याला राहवेना. “अगं, पण तू डबा उघडून बघितला होतास ना? एवढी उलटी जोडणी तुझ्या नजरेतून सुटली कशी?”

“सुटली कुठे?” शिडी चढता चढता बायको म्हणाली. “दिसली, म्हणून तर तुम्हाला आत पाठवलं.”