वाटणीची गाडी

वडील गेले आणि दोघा भावांत मिळून एकच गाडी उरली. विकायला मन होईना आणि एकमेकांना द्यायला तर त्याहून होईना. तेव्हा एक आठवडा थोरल्याकडे, एक आठवडा धाकट्याकडे असं ठरलं. ज्याच्या आठवड्यात बिघाड, त्याचा खर्च.

आपला आठवडा संपत आला तसा थोरला रविवारी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेला. "मागून खडखड येतेय रे. शाळेत सोडताना लेक रोज विचारते, बाबा, गाडीला खोकला झालाय का?"

मेकॅनिकने चाक उतरवलं आणि रिमला गेलेली चीर दाखवली. "हे भंगारात टाका, साहेब. वेल्डिंग मारलं तर दिसायला ठीक दिसेल, पण वेगात असताना कधी दगा देईल, सांगता येत नाही."

नवी रिम म्हणजे खर्च आपला. गाडी मात्र उद्यापासून धाकट्याची, आणि तो रोज हायवेने बायकोला कामावर सोडतो. थोरला क्षणभर घुटमळला.

"वेल्डिंगच मार," तो म्हणाला. "वरून रंगाचा एक हात दे. उद्यापर्यंत तग धरला म्हणजे झालं, पुढचं तो बघेल."

"तुम्हा भावांचं एक बरं आहे," मेकॅनिक चाक उचलत म्हणाला.



"मागच्या रविवारी याच चिरेवर वेल्डिंग मारून घेताना धाकटेही शब्दन् शब्द हेच म्हणाले होते."