काळी जगली

काळी घमेल्यात तोंड घालून हॉटेलातलं उष्टं खात होती आणि कुंपणाबाहेर तिला मारायला आलेली माणसं अंगावर पांढरे सूट चढवत होती.

डॉ. पूर्णिमा फोनवर पशुसंवर्धन खात्यातल्या साहेबांशी बोलत होती. "सर, आसपासची सगळी डुकरं मेली. ही एकटी जगलीय. हिला वेगळं ठेवू या. जबाबदारी माझी."

"कुठे ठेवणार? तुमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये?" साहेब म्हणाले. "बरं झालेलं जनावरही रोग पसरवू शकतं, हे मी तुम्हाला शिकवायचं का? आजच उरका."

साहेबांचं चुकत नव्हतं. तेच तिला जास्त लागलं.

लोणी काळभोरला हिंमतरावांच्या फार्मवर डुकरांच्या जीवघेण्या तापाची साथ शिरली, तेव्हा त्यांची पांढरी विलायती डुकरं पटापट गेली. आदल्या दिवशी धडधाकट दिसलेलं जनावर सकाळी कान जांभळे पडून आडवं झालेलं असायचं. त्यांचं शरीर विषाणूवर असं तुटून पडायचं, की त्या झटापटीत स्वतःच कोसळायचं. काही देशी डुकरं मात्र बेताने लढतात आणि तगून राहतात, असा पूर्णिमाचा कयास होता. पुण्यातल्या प्रयोगशाळेत ती वर्षानुवर्षं त्याच प्रश्नामागे होती. फक्त तसं जगलेलं जनावर तिला कधी बघायला मिळालं नव्हतं. म्हणून साथ आल्यावर ती वस्त्यावस्त्यांत सांगत फिरली होती, "एखादं डुक्कर आजारातून उठलं, तर मला फोन करा."

फोन केला तो ओढ्यापलीकडच्या दुर्गाबाईंनी. त्यांची झोपडी डुकरं मारत फिरणाऱ्या पथकाला माहीतही नव्हती.

"बाई, माझी काळी तापातनं उठली. खातीया बघा."

पूर्णिमा तशीच निघाली. तिने काळीचं रक्त घेतलं. त्यात विषाणू सापडला, आणि त्याला थोपवून धरल्याच्या खुणाही. अहवाल वर पाठवणं भागच होतं. तो वाचल्यावर काळीला कोणी हात लावणार नाही, असं तिला वाटलं होतं.

आता फोन ठेवून पूर्णिमा दुर्गाबाईंजवळ जाऊन उभी राहिली.

"मी खूप सांगून पाहिलं, दुर्गाबाई."

"म्हंजी अजून आजारी हाय व्हय ती?"

"नाही. बरी झालीय."

"मग?"

"नियम आहे," पूर्णिमा म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

अनोळखी माणसं बघून काळी बिथरली. कोणालाच जवळ येऊ देईना. शेवटी दुर्गाबाई खाली बसल्या आणि तिची पाठ खाजवू लागल्या. काळी हळूहळू शांत झाली, कुशीवर कलंडली, डोळे मिटून पडली. मग पथकातल्या माणसाला सुई टोचायला वेळ लागला नाही.

खड्डा बुजवून, त्यावर चुना टाकून गाडी निघून गेली. पूर्णिमा मात्र रेंगाळली. दुर्गाबाई रागावल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं. पण त्या रागावलेल्या नव्हत्या. हातावरची माती झटकत त्या काहीतरी विचार करत होत्या. मग त्यांनी अगदी सरळपणे विचारलं,

"बाई, फुरसुंगीला माझ्या बहिणीकडं बी काळी डुकरं हायती. तिथं ही साथ गेली आन् त्यातलं एखादं जगलं, तर तुमास्नी फोन करायचा का न्हाई?"