चौथ्या स्थळाचा झगा

मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या शिंपीआळीत सी अब्देलहक माणसाची पारख कपड्यांवरून करीत. झग्याचे रेशमी गोट पाहूनच, दिखाऊ म्हणून, त्यांनी लेकीसाठी आलेली तीन स्थळे परतवली होती. चौथा मुलगा ठिगळाचा झगा घालून आला. "फाटकं लपवत नाही, म्हणजे मन स्वच्छ!" म्हणत त्यांनी नातलगांसमक्ष फातिहा पढून लग्नाचा शब्द दिला. झगा खुंटीला टांगून होणारा जावई हात धुवायला गेला. शिंप्याच्या सवयीने त्यांनी तो उलटून पाहिला. ठिगळाखालचे कापड अखंड होते. टाके डावखुऱ्या हाताचे, त्यांच्याच लेकीचे. ती चहा घेऊन आली. "पोरी, मी शिकवलेल्या टाक्यांनी मलाच फसवलंस?" "बाबा, तुम्ही माणसांशी बोलताच कुठं? कपड्यांशीच बोलता. मग कपड्यालाच बोलायला शिकवलं." तेवढ्यात जावई परतला. दिलेला शब्द मोडता येत नव्हता. त्याच्याकडे पाहताना त्यांना उमगले, याला आपण अजून एकही प्रश्न विचारलेला नाही.