तपासणीआधीचं ऊन

तपासणी होईपर्यंत गच्चीवरचं सोलर लाइनला जोडायचं नाही, हा नियम काकांना तोंडपाठ होता. पण फुकटचं ऊन वाया घालवणं त्यांच्या जिवावर येई. भर दुपारी गल्लीतली वीज गेली, तरी काकांचा पंखा आपला गरगरतोय. तेवढ्यात दारात वायरमन येऊन उभा राहिला.

"काका, आधी सोलर बंद करा. तुमची वीज उलटी खांबावरच्या तारांत येतेय. वर काम चाललंय."

"आला मोठा नियम शिकवायला! परवानगी काय, आज ना उद्या मिळेलच."

तरी पुटपुटत काकांनी बटण बंद केलं. "झालं समाधान? जा, चढ आता बिनघोर."

"चढलोच होतो, काका," तो शांतपणे म्हणाला. "आता खाली उतरवताहेत मला."